यंत्रमानव, कृती आणि परिणाम : ‘बीस्ट वॉर्स’ या बालमालिकेचा एक चिकित्सक विचार

यंत्रमानवांच्या साहसकथांवर बेतलेल्या कार्टून मालिकांची ‘खेळणी विकण्याचे साधन’ अशी बोळवण केली जाते. हा आक्षेप निराधार नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘द ट्रान्सफॉर्मर्स’ ही मालिका हॅस्ब्रो कंपनीच्या खेळण्यांसाठीच जन्माला आली. नवे खेळणे आले की नवे पात्र अवतरे. त्याचे मन घडवण्यास लेखकाला उसंत नसे. तथापि केवळ उगमावरून कलाकृतीचे मूल्य ठरवता येत नाही, हे तिच्याच वंशातील ‘बीस्ट वॉर्स’ (१९९६-९९) या ५२ भागांच्या मालिकेवरून दिसते.

कॅनडातील मेनफ्रेम या संस्थेने ही मालिका संगणकाच्या साहाय्याने निर्माण केली. संगणकावर प्रत्येक नवे शरीर घडवणे त्या काळी खर्चिक होते. साहजिकच आरंभी दोन्ही पक्ष मिळून जेमतेम दहा पात्रे आणि भोवती निर्जन भूमी, एवढाच संसार होता. ही मर्यादाच मालिकेच्या पथ्यावर पडली. पात्रे थोडी असल्यामुळे त्यांचे हेवेदावे, संशय आणि जिव्हाळा यांना अवकाश मिळाला.

डायनोबॉट हे पात्र या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरते. तो शत्रुपक्ष सोडून आलेला, मानी आणि कुणाचाच पूर्ण विश्वास न लाभलेला योद्धा आहे. भविष्याची नोंद असलेली सुवर्णतबकडी तो एका दुर्बल क्षणी पुन्हा मेगाट्रॉनच्या हाती देतो. १९९८ मधील ‘कोड ऑफ हीरो’ या भागात भविष्य बदलू शकते, हे त्याला उमगते. भविष्य अटळ नसेल, तर आपल्या कृत्याची जबाबदारीही नियतीवर ढकलता येत नाही. मेगाट्रॉन आदिमानवांचा संहार करू पाहतो, तेव्हा डायनोबॉट एकटाच सर्वांना सामोरा जातो. शक्ती संपत आल्यावर दगड आणि लाकूड जोडून तो हत्यार बनवतो. शेवटी तबकडी नष्ट करून प्राण सोडतो. तेच हत्यार पुढे एक आदिमानव उचलतो. येथे वीररस करुणात विलीन होतो, आणि त्यासाठी एकाही पात्राला बालप्रेक्षकांना उपदेश करावा लागत नाही.

याउलट १९८६ च्या ‘द ट्रान्सफॉर्मर्स : द मूव्ही’ या चित्रपटात ऑप्टिमस प्राइमला मारण्यात आले, ते नव्या खेळण्यांना जागा करून देण्यासाठी. मुले व्यथित झाली आणि १९८७ मध्ये त्याला मालिकेत परत आणावे लागले. एक मृत्यू दुकानाच्या फळीवरून आला, तर दुसरा पात्राच्या स्वभावातून. सात-आठ वर्षांच्या मुलालाही हा भेद जाणवतो, असे माझे मत आहे; आपण प्राध्यापक मंडळी मात्र तो पाहण्याआधीच दूरदर्शन संच बंद करतो!

मालिका निर्दोष नाही. वास्पिनेटरची वारंवार होणारी शकले आणि पुन्हा होणारी जुळणी प्रथम हसवते, नंतर कंटाळा आणते. तिसऱ्या पर्वात डायनोबॉटची प्रतिकृती शत्रुपक्षात उभी करून लेखकांनी स्वतःच मिळवलेला परिणाम काहीसा उणावला आहे.