हस्ताक्षरतज्ज्ञाचें मत व कागदांची पारख

अमुक सनद अस्सल, तमुक बनावट, एवढाच शेरा मारून कारणें गाळण्याची जी रीत संग्राहकांत दिसते, ती आम्हांस सदोष वाटते. न्यायालयें याहून दक्ष आहेत. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ४५ व्या कलमानें हस्ताक्षर ओळखण्यांत कुशल असलेल्याचें मत ग्राह्य ठरविलें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ३९ व्या कलमांत तो नियम कायम आहे. पण ग्राह्य म्हणजे मान्य नव्हे. मुरारीलाल विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या, १९८० च्या निवाडेसंग्रहांत छापलेल्या निर्णयांत सर्वोच्च न्यायालयानें, अशा मतास स्वतंत्र दुजोरा हवाच, हा नियम नाकारला; मात्र मताचीं कारणें सावधपणें तपासावीं, असें बजावलें. नैयायिकांच्या परिभाषेंत, हेतूवांचून प्रतिज्ञा सिद्ध होत नाहीं. आम्हींही एक पत्र केवळ मोडी वळणावरून अस्सल म्हटलें होतें. पुढें त्यांतील तिथि व वार जुळेनात, तेव्हां मत मागें घ्यावें लागलें. म्हणून वळण, कागद, शाई, शिक्का, तिथिवार यांपैकीं कशावरून निर्णय केला, तें प्रत्येकानें लिहावें. तें नसेल तर, लेखक कितीही अधिकारी असो, त्याच्या शेऱ्यावर विसंबून कोणीं इतिहास रचूं नये.