लॅटिनचा उच्च अभ्यास आणि हाउसमन यांचा मॅनिलिअस

विद्यापीठांत लॅटिनचा उच्च अभ्यास करणें म्हणजे व्याकरण घोकून व्हर्जिल, होरेस यांच्या निवडक कविता वाचणें, अशी सामान्य समजूत आहे. पण तें या मंदिराचें महाद्वार झालें. गाभारा निराळाच आहे. पुढ्यांतील छापील ओळ कवीनें खरोखर अशीच लिहिली होती काय, हा प्रश्न ज्या दिवशीं विद्यार्थ्याच्या मनांत येतो, त्या दिवशीं त्याचा खरा अभ्यास सुरू होतो, असें आम्हांस वाटतें. कारण रोमन कवींच्या हातची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. आहेत त्या नकलांच्या नकला, आणि नकलकारांच्या चुका त्यांत साठत आलेल्या.

ए. ई. हाउसमन यांचें चरित्र या दृष्टीनें उद्बोधक आहे. ऑक्सफर्ड येथें १८७९ सालीं त्यांना प्रथम वर्ग मिळाला. पण १८८१ च्या अंतिम परीक्षेंत ते चक्क नापास झाले. त्या परीक्षेंत प्राचीन इतिहास व तत्त्वज्ञान यांवर भर होता, आणि यांचें चित्त प्रॉपर्शिअसच्या पाठशुद्धींत गुंतलेलें. पुढें पेटंट कचेरींत दहा वर्षें नोकरी करीत त्यांनीं जे निबंध लिहिले, त्यांच्या बळावर १८९२ मध्यें लंडनला आणि १९११ मध्यें केंब्रिजला ते लॅटिनचे प्राध्यापक झाले. त्यांची मुख्य कृति म्हणजे मॅनिलिअसच्या ज्योतिषविषयक काव्याची आवृत्ति. तिचे पांच खंड १९०३ पासून १९३० पर्यंत निघाले.

या ग्रंथावर पहिला आक्षेप सहज सुचतो. मॅनिलिअस कांहीं व्हर्जिल नव्हे. खुद्द हाउसमन यांनाही त्याचें फारसें कौतुक नव्हतें. मग ‘श्रॉपशर लॅड’ लिहिणाऱ्या कवीनें सत्तावीस वर्षें याच्यापायीं कां वेंचावीं? आमच्या मतें, जेथें काव्याची मोहिनी भान हरपून टाकीत नाहीं, आणि ज्योतिष कळल्यावांचून ओळीचा अर्थ लागत नाहीं, तेथेंच विचारशक्तीची खरी कसोटी लागते. पाठचिकित्सेंत ठराविक नियमांचें यंत्र चालत नाहीं, प्रत्येक स्थळीं नव्यानें डोकें चालवावें लागतें, हें त्यांनीं १९२१ मधील व्याख्यानांत प्रतिपादिलें, आणि या आवृत्तींत आचरून दाखविलें.

दुसरा आक्षेप मात्र आम्हांस सोडवत नाहीं. पूर्वसंपादकांवर त्यांनीं जे कोरडे ओढले, ते वाचून दोष काढणें हीच विद्वत्ता, असा तरुण वाचकाचा ग्रह होण्याचा संभव आहे. शिवाय, ओळ शुद्ध झाल्यावर ती सुंदर कां, याविषयीं हा ग्रंथ जवळजवळ मुका आहे. तांदूळ निवडण्यांतच दिवस गेला, तर भात शिजणार केव्हां?

या विद्येशीं आपला संबंध नाहीं, असें कोणीं समजूं नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति काढली, तिच्या मुळाशीं ग्रीक-लॅटिन ग्रंथांवर घडलेलीच पाठचिकित्सा होती. परंतु ती महाभारताच्या, परस्परांत मिसळत गेलेल्या, पोथ्यांना जशीच्या तशी लागू पडत नाहीं, हें डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं १९३३ सालच्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत स्पष्ट केलें. त्यांनीं पाश्चात्त्य पंडितांची सावधगिरी घेतली. नियम मात्र समोरच्या पोथ्या पाहून ठरविले. लॅटिनच्या उच्च अभ्यासापासून आपल्या विद्यार्थ्यांनीं घ्यावयाचें तें हेंच.