केशवराव जेधे : पक्षनिष्ठा आणि प्रदेशनिष्ठा

प्रादेशिक राजकारण्याच्या चरित्राची मीमांसा करताना अभ्यासकासमोर एक अडचण नेहमी उभी राहते. राष्ट्रीय पुढाऱ्याचे जीवन देशाच्या इतिहासाच्या चौकटीत सहज बसते. परंतु ज्याचे कर्तृत्व एका शहरात आणि त्याच्या भोवतालच्या जिल्ह्यांत घडले, त्याला कोणत्या मापाने मोजावयाचे? बहुधा पक्षनिष्ठेचे माप लावले जाते, आणि पुण्याचे केशवराव जेधे (१८९६–१९५९) यांच्यावर या मापाने अन्याय होतो. ब्राह्मणेतर पक्ष, काँग्रेस, शेतकरी कामगार पक्ष आणि पुन्हा काँग्रेस असा त्यांचा प्रवास पाहून त्यांना चंचल ठरविणे सोपे आहे. हा निर्णय कितपत ग्राह्य आहे, हे तपासले पाहिजे.

जेधे हे पितळी भांड्यांचा कारखाना चालविणाऱ्या सधन कुटुंबातले. शुक्रवार पेठेतील जेधे मॅन्शन हे सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीचे पुण्यातील केंद्र होते. गणेशोत्सवातील छत्रपती मेळ्याच्या द्वारे या चळवळीने सनातनी पुण्याला त्याच्याच अंगणात आव्हान दिले. महात्मा फुले यांचा पुतळा उभारण्याचा जेध्यांचा प्रस्ताव १९२५ साली नगरपालिकेत फेटाळला गेला. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या दिनकरराव जवळकर यांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेचे ते प्रकाशक होते. तीवरून झालेल्या खटल्यात खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली, अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी वकिली केली आणि आरोपी सुटले.

येथे एका इंग्रज राजकारण्याचे उदाहरण उद्बोधक ठरेल. बर्मिंगहॅमचे जोसेफ चेंबरलेन हेही कारखानदार होते. स्क्रूच्या धंद्यात त्यांनी संपत्ती मिळविली होती. आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावर १८८६ साली त्यांनी लिबरल पक्ष सोडला व पुढे ते कॉन्झर्वेटिव्हांच्या मंत्रिमंडळात गेले. तरीही बर्मिंगहॅम त्यांच्या पाठीशी राहिले. पक्ष बदलला, परंतु आधारभूमी बदलली नाही. मात्र हे साम्य मर्यादित आहे. चेंबरलेन १८७३ ते १८७६ या काळात आपल्या शहराचे महापौर होते. जेध्यांना आपल्या शहराच्या नगरपालिकेत फुल्यांचा पुतळाही मंजूर करून घेता आला नाही. त्यांचे घर पुण्यात होते, पण बळ पुण्याबाहेरच्या खेड्यांत होते. त्यांच्या पुढील सर्व निर्णयांचा उलगडा या एका विसंगतीतून होतो.

१९३० च्या कायदेभंगाच्या सुमारास ते काँग्रेसकडे वळले. काकासाहेब गाडगीळ या ब्राह्मण वकिलाशी झालेले त्यांचे सहकार्य हा केवळ मनोमीलनाचा प्रसंग नव्हे. १९३५ च्या कायद्याने मताधिकार विस्तृत केला आणि शेतकरी मतदारावाचून प्रांतिक सत्ता मिळणे अशक्य झाले. काँग्रेसला खेडे हवे होते. खेड्याला सत्तेचा मार्ग हवा होता. जेधे हे या व्यवहाराचे मध्यस्थ होत. स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या सुमारास, शंकरराव मोरे यांच्यासह त्यांनी शेतकरी कामगार पक्षाचा मार्ग धरला, तो सत्तेत आलेली काँग्रेस शेतकऱ्याला विसरली या भावनेतून. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने तो पक्ष मार्क्सवादाकडे झुकला. १९५२ च्या निवडणुकीत अपेक्षाभंग झाला. १९५४ मध्ये जेधे काँग्रेसमध्ये परतले. तथापि ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली, ती त्यांच्याच अध्यक्षतेखाली. १९५७ साली ते बारामतीतून लोकसभेवर निवडून आले. हा मतदारसंघही शहराबाहेरचाच होता.

या दृष्टीने जेध्यांवरील चंचलतेचा आरोप टिकत नाही. परंतु तेवढ्याने त्यांची निर्दोष मुक्तता होत नाही. अधिक गंभीर आक्षेप निराळा आहे. सत्यशोधक विचाराचा गाभा संख्याबळ हा नव्हता. धर्मसत्ता, जातिभेद आणि अज्ञान यांची चिकित्सा हा होता. काँग्रेसप्रवेशाने बहुजनसमाजातील शेतकरी वर्गाला सत्तेचा दरवाजा खुला झाला, पण ही चिकित्सा उंबरठ्याबाहेर राहिली. ज्या आंबेडकरांनी १९२६ मध्ये जेध्यांसाठी अपील लढविले, त्यांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. दहा वर्षांतील हे अंतर दोन व्यक्तींमधले नाही. ‘बहुजन’ या शब्दाचा अर्थ किती आकुंचित झाला, त्याचे ते माप आहे.

गेल ऑम्व्हेट यांचा पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवरील ग्रंथ (१९७६) १९३० पाशी थांबतो. चळवळीच्या इतिहासासाठी ती मर्यादा समर्थनीय आहे. जेध्यांचा प्रश्न मात्र नेमका तेथेच सुरू होतो. य. दि. फडके यांनी १९८२ साली जेध्यांचे स्वतंत्र चरित्र लिहिले, याचे महत्त्व त्यामुळेच विशेष आहे. १९३० पूर्वीचे बंडखोर जेधे आणि नंतरचे काँग्रेसवाले जेधे अशी विभागणी केली, तर पहिले आदरणीय व दुसरे व्यवहारी ठरतात आणि दोघांमधला कार्यकारणभाव हरवतो.

वस्तुतः पहिल्या जेध्यांचे यश हेच दुसऱ्या जेध्यांच्या मर्यादेचे कारण होय. खेड्याला त्यांनी आत्मविश्वास दिला, आणि त्या आत्मविश्वासाने प्रथम मागितली ती सत्ता. समतेची मागणी मागे राहिली. प्रदेशनिष्ठ राजकारणी आपल्या माणसांना सोडून जात नाही, हा त्याचा गुण. त्यांच्या पुढेही तो फारसा जात नाही, ही त्याची मर्यादा. जेध्यांचे मूल्यमापन या दोन्ही अंगांनी झाले पाहिजे.