अळणी भाजीचे गुण

१९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. रडविणारे पुस्तक म्हणून आपण ते मिटतो आणि मुलांच्या प्रगतिपुस्तकातले आकडे मोजीत बसतो. मला त्यातले ‘अळणी भाजी’ हे प्रकरण फार मोलाचे वाटते. भाजीत मीठच नाही. तरी वडील ती वाखाणीत जेवतात, रांधणारीचे मन दुखू नये म्हणून. श्याम ते पाहतो आणि गप्प राहतो. (शेवटी गुरुजी संस्कृतीवर बोलू लागतात, तेवढे गाळले असते तर बरे!)

परवा गणितात पैकीच्या पैकी मिळविलेल्या आमच्या नातवाने आमटी खारट म्हणून ताट सरकविले. सूनबाईंचा चेहरा उतरला. मी तेव्हा त्याचे गुणच वाचीत होतो.