मागील दारची नजर

आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’ (१९५४) या चित्रपटात पाय मोडून घरी बसलेला छायाचित्रकार मागील अंगणापलीकडच्या खिडक्या न्याहाळीत राहतो आणि एका शेजाऱ्याने केलेला पत्नीचा खून उघडकीस येतो. चित्रपटाची बांधणी अजोड आहे. असे पाहणे उचित काय, हा प्रश्नही तो विचारतो. परंतु खून सिद्ध होताच पाहणारा आपोआप निर्दोष ठरतो. येथे त्याचा न्याय लंगडा पडतो. त्याच नजरेने एका एकाकी स्त्रीचे अश्रूही टिपले. तिचा अपराध कोणता? आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमातील कलम १८ खालचे एक उदाहरण, जेथे तशी रूढी असेल तेथे, शेजाऱ्याचा खाजगीपणा भंगेल अशी नवी खिडकी उघडू देत नाही. त्या खाजगीपणाआड काय चालते, याची चौकशी ते करीत नाही.