खेळातली सत्ता

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ साली रंगभूमीवर आणले, त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. एका स्त्रीवर पुरुषी समाजाने केलेल्या अन्यायाचे नाटक, असाच त्याचा परिचय बहुधा करून दिला जातो. तो चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. सामान्य माणसांच्या हाती सत्ता कशी येते, याचे इतके नेमके विश्लेषण मराठी नाटकात क्वचितच झाले असेल.

एक हौशी मंडळी परगावी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी जमली आहे. प्रयोगातील आरोपी आहे अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन, आरोप अण्वस्त्रांचा. ऐन वेळी बदली साक्षीदार म्हणून घेतलेल्या गावातल्या सामंताला कोर्टाची ओळख व्हावी, म्हणून गंमतीखातर एक वेगळाच खटला उभा केला जातो. लीला बेणारे आत गेलेली असताना तिला आरोपी करण्याचे ठरते, आरोप भ्रूणहत्येचा. जगातल्या बलाढ्य सत्ताधीशाला जाब विचारायला निघालेली ही माणसे हाताशी सापडलेल्या एकट्या स्त्रीवर तुटून पडतात. नाटकाचे मर्म या अंतरात आहे.

या मंडळींपाशी स्वतःची अशी सत्ता कोणती? सुखात्मे वकील, पण पक्षकारांवाचून बसलेले. पोंक्षे इंटर सायन्सला नापास. रोकडे काशीकरांच्या आश्रयाने वाढलेला. काशीकरबाईंना नवरा चारचौघांत गप्प बसवतो. बेणारेला पिंजऱ्याकडे ओढताना मात्र त्याच पुढे असतात. दुबळ्याला दुसऱ्या दुबळ्यावर क्षणभर अधिकार मिळाला, की तो स्वतःचा अपमान विसरतो. सत्तेची वाटणी अशी होते, आणि म्हणूनच ती टिकते.

हा अधिकार येतो कोठून? केवळ रीतीतून. खुर्ची, शपथ, साक्ष हे शब्द उच्चारले, की कुजबुजीला पुराव्याची प्रतिष्ठा मिळते. प्रा. दामले गैरहजर, म्हणून फिर्यादीचे आणि बचावाचे वकील एकटे सुखात्मेच! न्यायाधीश काशीकर स्वतः खाली उतरून साक्ष देतात. कोणी आक्षेप घेतला तर उत्तर तयारच असते : हा तर खेळ आहे. आणि ज्या दामल्यांचा या प्रकरणाशी सर्वांत निकटचा संबंध, ते शेवटपर्यंत आरोपी होत नाहीत. अखेरीस भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे न्यायालय भ्रूणहत्येचीच शिक्षा फर्मावते. ही विसंगती त्या खोलीत एकालाही खुपत नाही.

नाटकात एक उणीव मात्र जाणवते. जवळपास प्रत्येक पुरुषाच्या मागे एकेक अपयश लावून दिल्याने क्रौर्याचा उगम जरा सोयीस्करपणे उलगडतो. यशस्वी माणसे क्रूर नसतात काय? तेंडुलकरांनाही हे जाणवले असावे. कारण सामंत या हिशेबात बसत नाही. त्याला कोणाचा सूड घ्यायचा नाही. तोही हातातल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो, आणि तीच साक्ष बेणारेभोवतीचा फास आवळते. सत्तेला दुष्ट माणसे लागतातच असे नाही. भिडस्त आणि उत्साही माणसांवरही तिचे भागते.

म्हणूनच या नाटकाचे प्रयोग करताना काशीकरांना खलनायक करणे ही दिग्दर्शनातील मोठी चूक ठरते. खलनायक दिसला, की प्रेक्षक सुटतो. ही माणसे ओळखीची, हसतमुख, थोडी कंटाळवाणी वाटली पाहिजेत. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या वस्त्यांत मराठीपण टिकले ते अशाच हौशी मंडळांच्या, गणेशोत्सवांतील नाटकांच्या आणि वार्षिक सभांच्या बळावर. जेथे सर्वजण सर्वांना ओळखतात, तेथे एखाद्याविषयी ‘आपल्यात बोलले जाते’ एवढेही पुरावा म्हणून पुरते. त्या खोलीतील माणसे आपल्यासारखीच आहेत, हे मान्य केल्याशिवाय हे नाटक पाहिले असे म्हणता येणार नाही.