‘जबाबदार’ राज्यपद्धती : आष्ट्याच्या परिसरातील चार सरकारांचा तौलनिक विचार

राज्यपद्धतींची तुलना करणारे लेखन बहुधा दोन वाटांनी जाते. पहिली वाट नावांची. सत्ता एकाच्या हाती आहे, थोड्यांच्या की पुष्कळांच्या, हे पाहून राज्यांचे वर्ग पाडण्याची पद्धत ॲरिस्टॉटलपासून चालत आली असून राजेशाही, अल्पजनसत्ता व लोकसत्ता या खणांत राज्ये ठेवली की तुलना संपली असे तीत गृहीत धरले जाते. दुसरी वाट व्यक्तींची. राजा उदार होता की विलासी, अधिकारी न्यायी होता की उर्मट, यावरून त्याच्या राज्याची प्रत ठरविली जाते. दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांविषयी मराठीत झालेले पुष्कळसे लेखन या दुसऱ्या वाटेचे आहे. त्यात चरित्र विपुल आहे, राज्यपद्धतीचा विचार त्या मानाने अल्प आहे.

या दोन्ही वाटा कोठे अडतात हे पाहावयाचे असेल तर आष्ट्यासारखे दुसरे सोयीचे ठिकाण नाही. सांगली–इस्लामपूर रस्त्यावरील वाळवा तालुक्यातील हे गाव ब्रिटिश अमदानीत सातारा जिल्ह्यात, म्हणजे मुंबई सरकारच्या प्रत्यक्ष अमलाखाली होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. १९४३ सालचा नकाशा मात्र निराळा होता. आष्ट्याहून आग्नेयेस निघालेला मनुष्य पटवर्धनांच्या सांगली संस्थानात पोचे. दक्षिणेस वारणा ओलांडली की कोल्हापूरच्या छत्रपतींचा मुलूख लागे. उत्तरेस एका दिवसाच्या पायी वाटेवर असलेले कुंडल हे औंध संस्थानच्या एका तालुक्याचे ठाणे होते. शिवाय खुद्द वाळवा तालुक्यातच क्रांतिसिंह नाना पाटील व त्यांचे सहकारी यांचे प्रतिसरकार त्याच वर्षी आकारास आले होते. भाषा एक, पीकपाणी एक, देव एक, सोयरीकही एक, आणि सरकारे मात्र चार प्रकारची. समाज स्थिर ठेवून राज्यपद्धती तेवढी बदलून पाहण्याची अशी संधी अभ्यासकाला क्वचितच मिळते.

या चौघांची तुलना कोणत्या कसोटीवर करावी? ती कसोटी त्या काळच्या जनतेनेच एका शब्दात सांगून ठेवली आहे. संस्थानी प्रजा परिषदांची मागणी ‘जबाबदार राज्यपद्धती’ची होती. ‘जबाब’ हा मूळचा अरबी शब्द. त्याला ‘धारण करणारा’ या अर्थाचा फार्सी ‘दार’ हा प्रत्यय लागून ‘जबाबदार’ हा शब्द बनला. उत्तर देणे ज्याच्याकडे लागते तो जबाबदार. तथापि कचेरीच्या मराठीत ‘जबाब’ हा शब्द पूर्वापार उलट्या दिशेने चालत आला आहे. फौजदार जबाब घेतो, मामलेदार जबाब नोंदवितो, आणि रयत जबाब देते. ‘जाब’ हाही त्याच कुळातला शब्द, आणि तो विचारणारा नेहमी वरचा असे. ‘जबाबदार राज्यपद्धती’ या मागणीत ही दिशा फिरली आहे. जबाब आता सरकारने द्यावयाचा आहे व घ्यावयाचा आहे तो लोकांनी. म्हणून राज्यपद्धतीची खरी परीक्षा तीन प्रश्नांत सामावते : जबाब कोण देतो, कोणाला देतो, आणि तो न दिल्यास काय होते?

प्रथम सातारा जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यापासून येथे कायद्याचे राज्य होते असे म्हणण्याचा प्रघात आहे, आणि त्यात तथ्यही आहे. कायदा लिहिलेला होता, अपिलाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. परंतु जबाबाची साखळी गावकामगारापासून मामलेदाराकडे, मामलेदारापासून कलेक्टराकडे व तेथून मुंबईकडे, अशी सदैव वर जाणारी होती. तिला खाली वळविण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न १९३५ च्या कायद्यान्वये झाला. मतदानाचा हक्क मालमत्ता, कर व शिक्षण यांवर अवलंबून असल्याने तो थोड्यांनाच होता. तरी १९३७ च्या निवडणुकीनंतर बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले व प्रांतात प्रथमच विधिमंडळाला बांधलेले सरकार दिसले. १९३९ साली त्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्याच कायद्याच्या ९३ व्या कलमाने सर्व कारभार गव्हर्नरच्या हाती गेला व तो १९४६ पर्यंत तसाच राहिला. अर्थात कागदावर सर्वांत पुढारलेली असलेली ही राज्यपद्धती १९४३ साली आष्ट्याच्या रहिवाशाला मुंबईत एकही जबाबदार मंत्री देऊ शकत नव्हती. ज्या कायद्याने जबाबदारी दिली त्याच कायद्यात ती काढून घेण्याचेही कलम होते.

कोल्हापूरची गोष्ट याच्या उलट. राजर्षी शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे पाऊल उचलले. जबाबदार मंत्रिमंडळाच्या प्रांतात जे धैर्य दिसले नाही ते एका सत्ताधीशाच्या हुकुमात दिसले. व्यक्तींच्या वाटेने जाणारा टीकाकार येथे थांबून राजेशाहीचा गौरव करतो. नावांच्या वाटेने जाणारा ‘एकतंत्री’ असा शिक्का मारून पुढे जातो. दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटते. हुकूम उत्तम होता, परंतु तो रद्द झाला असता तर जाब विचारण्याचे ठिकाण प्रजेपाशी नव्हते. फेब्रुवारी १९३९ मध्ये जयसिंगपूर येथे कोल्हापूर संस्थान प्रजा परिषद भरली, तिचे अग्रणी भाई माधवराव बागल हे सत्यशोधकी परंपरेतले, शाहू छत्रपतींच्या कार्याचे चाहते होते. राजर्षींच्या सुधारणांविषयी आदर असलेल्यांनाच जबाबदार राज्यपद्धती मागावी लागली, यावरून चांगले राज्य व जबाबदार राज्य या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत हे स्पष्ट होते.

सांगली संस्थानचे स्थान या दोहोंच्या मधले. शिक्षण, व्यापार व नगररचना यांत पुढारलेल्या या संस्थानाची मर्यादा १९४३ साली उघड झाली. ‘छोडो भारत’ आंदोलनातील वसंतदादा पाटील यांना सांगलीच्या तुरुंगात ठेवण्यात आले होते. २४ जुलै १९४३ रोजी ते सहकाऱ्यांसह तट ओलांडून निसटले व गोळी लागून जखमी झाले. तुरुंग संस्थानचा होता, परंतु ज्या सत्तेविरुद्ध हे बंड होते ती संस्थानची नव्हती. सार्वभौम सत्तेचा प्रश्न येताच संस्थानचे सरकार आणि जिल्ह्याचे सरकार यांतील भेद पुसला जात असे. संस्थानिकही अखेर जबाब देत होता, पण तो रेसिडेंटाला.

या पार्श्वभूमीवर औंधचा प्रयोग पाहावयाचा आहे. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे ठरविले. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत व पोलंडमधून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यघटनेला रूप दिले, आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. खेड्याने पाच जणांची पंचायत निवडावी, पंचायतींच्या अध्यक्षांतून तालुक्याची पंचायत बनावी व तालुक्यांतून मध्यवर्ती विधिमंडळ उभे राहावे, अशी तिची रचना होती. न्यायही शक्य तितका खेड्यात, पंचांच्या साहाय्याने व्हावा असा तिचा कटाक्ष होता. सुमारे बहात्तर गावांच्या, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या या संस्थानात सर्वसामान्य शेतकरी जबाब घेणारा झाला. जिल्ह्यात ९३ वे कलम लागू असताना कुंडलच्या शेतकऱ्याला विधिमंडळ होते आणि आष्ट्याच्या शेतकऱ्याचे विधिमंडळ निकामी झाले होते. ‘ब्रिटिश मुलूख पुढारलेला, संस्थाने मागासलेली’ हे सरसकट विधान या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

औंधच्या राजघराण्याचा किताबच येथे बोलका ठरतो. राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे निर्माण झालेले ‘प्रतिनिधी’ हे पद राजाच्या वतीने वागणाऱ्याचे होते. त्याची नेमणूक वरून होई. १९३९ नंतर त्याच राज्यात ‘प्रतिनिधी’ म्हणजे खालून निवडून आलेला पंच. शब्द तोच राहिला, पण वतीने कोणाच्या, हे बदलले. राज्यक्रांती म्हणतात ती याहून वेगळी नसते.

तरीही औंधच्या प्रयोगाचे गुणगान करणाऱ्या लेखनाने दोन उणिवांकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. एक म्हणजे ही जबाबदारी दानाने आलेली होती. दात्याने दान परत घेतले नाही, हा त्याचा मोठेपणा. घेतले असते तर अडविणारी शक्ती घटनेत नव्हती, आणि रेसिडेंट तर घटनेच्या बाहेरच होता. दुसरी उणीव रचनेची. खेडुताचे मत थेट पंचापर्यंत पोचे. त्यापुढील पायऱ्या पंचांच्या होत्या. वरच्या पायरीवरील चुकीचा जाब खेडुताने विचारावा कोणाला? आपल्याच पंचाला, आणि त्याने पुढच्याला. जबाब जसा दूर जातो तसा तो क्षीण होतो.

राहिले प्रतिसरकार. तासगाव, वडूज व इस्लामपूर येथील सप्टेंबर १९४२ चे मोर्चे, आणि त्यांतील वडूज व इस्लामपूर येथे झालेला गोळीबार, यांनंतर साताऱ्याचे आंदोलन भूमिगत झाले व १९४३ पासून १९४६ पर्यंत त्याने गावोगाव समांतर कारभार चालविला. न्यायदान मंडळांनी जमिनीचे, कर्जाचे व घरगुती तंटे मिटविले; थोड्या खर्चाचे ‘गांधी विवाह’ लावले; तुफान सेनेने दरोडेखोर व खबरे यांना वचक बसविला. कुंडल हे या कार्याचे एक प्रमुख केंद्र. औंधच्या मुलखात जे प्रजेला दिले गेले होते, त्याचाच आधार घेऊन शेजारच्या ब्रिटिश मुलखात ते हिसकून घेतले जात होते.

या सरकारची दोन नावे लोकांत चालली. ‘प्रतिसरकार’ या नावात संस्कृत उपसर्ग फार्सी नामाला जोडला आहे. ‘प्रतिकार’ व ‘प्रतिनिधी’ या दोन्ही शब्दांत तो उपसर्ग आढळतो, आणि विरोध व वतीने वागणे हे दोन्ही अर्थ या नावात एकवटले आहेत. बोलीत ‘प्रति’मधील रकाराने जागा बदलली व ‘पत्री’ झाले. बैलाच्या खुरांना पत्री ठोकतात, आणि खबऱ्यांच्या तळपायांवर होणाऱ्या शिक्षेशी लोकांनी ते जुळवून घेतले. अपरिचित शब्दाला परिचित अर्थ देण्याची ही भाषेची नेहमीची रीत आहे. ‘पत्री’ हा निव्वळ अपभ्रंश म्हणून टाकून देणारे आणि तेच खरे नाव मानून दहशतीचा इतिहास लिहिणारे, असे दोन्ही पक्ष एकांगी आहेत. पहिले नाव या सरकारचा दावा सांगते, दुसरे त्याचे साधन सांगते.

जबाबाच्या कसोटीवर प्रतिसरकारचा निवाडा त्यामुळे सोपा नाही. न्यायदान मंडळ गावातच, गावाच्या भाषेत, चारचौघांसमोर बसे. निर्णय देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच गावात भाकरी मागावी लागे. भूमिगताचे जीवितच लोकांच्या विश्वासावर टांगलेले असल्याने तो विश्वास गमावणे हीच त्याची शिक्षा होती. या अर्थाने चारी सरकारांत हेच लोकांना सर्वांत जवळून बांधलेले होते. परंतु ज्याच्या तळपायावर काठी बसली त्याला अपील नव्हते. चूक झालीच तर ती दुरुस्त करण्याची रीत ठरलेली नव्हती. ब्रिटिश जिल्ह्यात रीत होती, विश्वास नव्हता. प्रतिसरकारात विश्वास होता, रीत नव्हती. आणीबाणीच्या काळी विश्वास पुरतो. शांततेच्या काळी तो पुरत नाही.

सांगली व औंध ही संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी. प्रतिसरकार त्यापूर्वीच विसर्जित झाले होते. चारी सरकारांचा प्रदेश एका घटनेखाली आला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा जिल्हा परिषदेचे सभासद मतदारांनी थेट निवडावेत असे ठरले. औंधच्या रचनेतील दुसरी उणीव येथे दूर झाली. पहिली मात्र पूर्णपणे दूर झाली असे म्हणवत नाही. २०२२ नंतरची काही वर्षे निवडणुका लांबल्यामुळे महाराष्ट्रातील अनेक नगरपरिषदा व जिल्हा परिषदा यांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. प्रशासक कार्यक्षम असेल, निःस्पृहही असेल. परंतु त्याचा जबाब वर जातो, खाली येत नाही. नाव लोकसत्तेचे राहते आणि साखळीची दिशा मात्र कलेक्टर कचेरीची होते.

राज्यपद्धतींची तुलना नावांवरून वा व्यक्तींवरून करू नये, असे म्हणण्याचे प्रयोजन हेच आहे. एकाच परिसरातील चार सरकारांपैकी एकाकडे कायदा होता, दुसऱ्याकडे सुधारणेचे धैर्य, तिसऱ्याकडे घटना आणि चौथ्याकडे लोकांचा विश्वास. यांपैकी एकही वस्तू एकटी पुरेशी ठरली नाही. जबाब मागण्याचा हक्क, तो मागण्याची ठरलेली रीत, आणि तो हक्क कोणालाही परत घेता येणार नाही अशी तरतूद, ही तिन्ही एकत्र असतील तेथेच ‘जबाबदार’ हे विशेषण सार्थ होते.